मावशी ते सिस्टर : बॉस्टनच्या टेकडीवरची एक शाळा

(मंडळाच्या 'आपलं शहर, आपल्या गोष्टी' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. संपादकांच्या सांगण्यावरून थोडी काटछाट केली आहे. बोलण्याचा सूर मात्र तसाच ठेवला आहे.)



सर्वप्रथम मंडळाच्या कार्यकारिणीचे आभार. अध्यक्षांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "पंचवीस मिनिटं बोल. विषय तुझ्या आवडीचा घे. फक्त सॉफ्टवेअरवर बोलू नकोस, निम्मा हॉल त्याच धंद्यातला आहे." मी म्हटलं, "नर्सिंग स्कूलच्या इतिहासावर बोलतो." पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "बरं, मग जेवणाच्या आधी ठेवू या का तुला? नंतर ठेवलं तर लोक झोपतील." तेव्हा मंडळी, वरणभाताचा वास येत असूनही तुम्ही बसला आहात, याची मला जाणीव आहे.

माझा आणि नर्सिंगचा संबंध काय? मी शिकलो कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. गेली काही वर्षं काम करतो ते हॉस्पिटलांच्या पेशंट रेकॉर्डच्या सिस्टिमवर. म्हणजे नर्सबाई तुमचं ब्लडप्रेशर घेऊन जिथे टाइप करतात, तो स्क्रीन. एका हॉस्पिटलात नवी सिस्टिम चालू व्हायची होती, त्याआधी आम्हा कन्सल्टंट लोकांना रात्रपाळीला वॉर्डात बसून नर्सेस कसं काम करतात ते बघायला सांगितलं. एक वयस्क नर्स होत्या, निवृत्तीला आलेल्या. माझा स्क्रीन बघून म्हणाल्या, "एक ताप लिहायला अकरा क्लिक? लिंडा रिचर्ड्सला हे दाखवलं असतं तर तिनं तुला घरी पाठवलं असतं."

मी विचारलं, "ही लिंडा कुठल्या डिपार्टमेंटची?"

त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतला पेशंट जागा झाला.

ही लिंडा कुठल्या डिपार्टमेंटची, याचा शोध घेत घेत मी आपल्याच शहरातल्या एका टेकडीवर पोचलो. ऑरेंज लाइनवर जॅक्सन स्क्वेअरला उतरायचं आणि थोडं चढत जायचं. रॉक्सबरीत डिमॉक स्ट्रीट आहे, तिथे विटांच्या जुन्या इमारतींचा एक कँपस आहे. आज त्याला डिमॉक सेंटर म्हणतात, आसपासच्या वस्तीसाठी चालवलेलं आरोग्यकेंद्र आहे ते. १९९१ साली या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आपण सगळे डक टूर करतो, फ्रीडम ट्रेलच्या लाल रेघेवरून भारतातून आलेल्या पाहुण्यांना दमवतो. पण इथे कोणी जात नाही. मी सुद्धा नऊ वर्षं या शहरात राहून गेलो नव्हतो.

या जागेचं मूळ नाव 'न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रन'. स्थापना १८६२. स्थापन करणाऱ्या बाईंचं नाव डॉ. मारी झाकशेव्स्का. बर्लिनमध्ये जन्मलेल्या. तिथल्या मोठ्या शारिते हॉस्पिटलात त्या सुईणीचं काम शिकल्या, शिकवायलाही लागल्या, आणि मग डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेत आल्या. १८५६ साली ओहायोत डॉक्टर झाल्या. त्यांचं आडनाव इथल्या लोकांना उच्चारता येत नसे, म्हणून सगळे त्यांना 'डॉ. झाक' म्हणत. कॉफीच्या दुकानात कपावर आपलं नाव लिहून घेताना आपले जे हाल होतात, ते दीडशे वर्षांपूर्वी त्यांचेही झालेच होते म्हणायचे!

त्या काळात बाई डॉक्टर झाली तरी तिला अनुभव घ्यायला हॉस्पिटल मिळत नसे. पुरुषांच्या हॉस्पिटलात प्रवेश नाही आणि अनुभव नाही म्हणून पेशंट नाहीत. इथे नवा आलेल्या माणसाला ही भानगड नीट कळेल. नोकरीसाठी इथला अनुभव हवा आणि अनुभवासाठी नोकरी हवी! डॉ. झाकनी यावर उपाय काढला तो म्हणजे स्वतःचंच हॉस्पिटल. त्याचे हेतू तीन होते. बायकांवर बाई डॉक्टरांकडून उपचार व्हावेत, शिकलेल्या बायकांना वैद्यकीचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा, आणि आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या नर्सेस तयार व्हाव्यात.

हा तिसरा हेतू नीट लक्षात घ्या. आज आपल्याला वाटतं, हॉस्पिटल आहे म्हणजे शिकलेल्या नर्सेस असणारच. तेव्हा तसं नव्हतं. हॉस्पिटलात पेशंटची उस्तवार करणारी बाई म्हणजे बहुधा गरीब, न शिकलेली, दुसरं काही काम न मिळालेली. ज्यांना परवडे ते घरीच आजारी पडत आणि घरीच बरे होत, नाहीतर घरीच मरत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी लंडनला सेंट थॉमस हॉस्पिटलात १८६० साली शाळा काढली, तिथून ही हवा बदलायला लागली.

बॉस्टनच्या या हॉस्पिटलात नर्सिंगची पद्धतशीर शाळा सुरू झाली ती सप्टेंबर १८७२ मध्ये, हॉस्पिटल रॉक्सबरीच्या टेकडीवर आलं त्याच वर्षी. अमेरिकेतली अशी पहिली शाळा म्हणून हिचं नाव घेतात. फिलाडेल्फियावाले म्हणतात आमच्याकडे आधीपासून शिकवत होते. हा वाद पुणे-मुंबईसारखा आहे, त्यात मी पडत नाही.

शाळा उभी केली ती डॉ. सुझन डिमॉक यांनी. वय पंचवीस. नॉर्थ कॅरोलिनाची मुलगी. हार्वर्डच्या मेडिकल स्कूलनं तिचा अर्ज नाकारला होता, कारण ती मुलगी होती. (हार्वर्डनं मुलींना मेडिकलला प्रवेश दिला तो १९४५ साली, मंडळी! आपण ज्यासाठी मुलांना पाचवीपासून क्लास लावतो तेच हार्वर्ड.) मग ती स्वित्झर्लंडला झुरिकला गेली, जर्मन भाषेत शिकली, डॉक्टर होऊन परत आली आणि या हॉस्पिटलची निवासी डॉक्टर झाली. युरोपात तिनं नर्सेसचं शिक्षण पाहिलं होतं. आल्या आल्या तिनं शाळेची घडी बसवली. एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि पहिल्या तुकडीत पाच मुली.

त्या पाचांत सगळ्यात आधी नाव नोंदवलं ते लिंडा रिचर्ड्सनं. म्हणून १८७३ साली पहिला डिप्लोमा तिला मिळाला आणि 'अमेरिकेची पहिली प्रशिक्षित नर्स' म्हणून ती इतिहासात गेली. म्हणजे हा पहिला नंबर मार्कांचा नव्हता, रांगेतला होता. रांगेत आधी उभं राहण्याचं महत्त्व मुंबईकरांना मी काय सांगू!

लिंडानं पुढे, १९११ साली, आपल्या आठवणी लिहिल्या. त्या वाचल्यावर कळतं की ही शाळा म्हणजे काय प्रकरण होतं. सकाळी साडेपाचला उठायचं. वॉर्ड सोडायचा रात्री नऊला. आणि सोडून जायचं कुठे? तर दोन वॉर्डांच्या मधल्या छोट्या खोलीत झोपायचं, कारण आपले सहा पेशंट दिवसाही आपलेच आणि रात्रीही आपलेच. एकेका रात्री ती नऊ नऊ वेळा उठलेली आहे. सुट्टी म्हणजे दर दोन आठवड्यांनी एक दुपार, दोन ते पाच. पहिले तीन महिने हातात एक पैसा नाही. पाठ्यपुस्तक नाही. वर्षभरात डॉक्टर बायकांची बारा व्याख्यानं. नाडी कशी बघायची, ताप कसा मोजायचा, श्वास कसे मोजायचे हे शिकवत. बाकी सगळं काम करता करता.

आणि एक गोष्ट वाचून मी थबकलो. औषधांच्या बाटल्यांवर नावं नसत. फक्त नंबर. कुठलं औषध आहे हे नर्सला कळता कामा नये, अशी मुद्दाम काळजी घेतलेली असे. चार नंबरची बाटली, सहा नंबरच्या खाटेला, एक चमचा. संपलं. विचार करा, बायकांना वैद्यकी नाकारली म्हणून ज्या बायकांनी स्वतःचं हॉस्पिटल काढलं, त्याच हॉस्पिटलात नर्सला मात्र बाटलीचं नाव सांगायचं नाही. कोणी कितपत शहाणं व्हावं, ही रेघ प्रत्येक पिढी आपल्या खालच्या पायरीवर ओढत असते.

लिंडा मात्र रेघेवर थांबली नाही. डिप्लोमा घेऊन ती न्यूयॉर्कच्या बेल्व्यू हॉस्पिटलात रात्रपाळीची प्रमुख म्हणून गेली. तोपर्यंत एका पाळीची नर्स दुसरीला तोंडी सांगून जायची. लिंडानं प्रत्येक पेशंटची वेगळी लेखी नोंद ठेवायला सुरुवात केली. डॉक्टरांना ती इतकी उपयोगी वाटली की पद्धतच पडली. म्हणजे मी ज्या कामाचा पगार घेतो, त्या कामाची आजी ही! पुढे ती मॅसॅच्युसेट्स जनरलच्या शाळेची प्रमुख झाली, इंग्लंडला जाऊन नाइटिंगेल बाईंना भेटली, आणि १८८६ साली जपानला क्योटोत जाऊन तिथली नर्सिंगची शाळा तिनं उभी केली. १९३० साली इथेच वारली.

डॉ. डिमॉक बिचारी एवढं बघायला राहिली नाही. १८७५ च्या मे महिन्यात युरोपला जाताना तिची बोट इंग्लंडजवळच्या सिली बेटांपाशी खडकावर आपटून बुडाली. वय होतं अठ्ठावीस. रस्त्याला तिचं नाव आहे आणि आता त्या संस्थेलाही.

आता मी मूळ गोष्टीकडे येतो.

आपल्याकडच्या सरकारी हॉस्पिटलात तुम्ही कधी राहिला असाल तर तिथली भाषा तुम्हाला ठाऊक असेल. पांढऱ्या कपड्यातली, इंजेक्शन देणारी, ती 'सिस्टर'. हा शब्द इंग्रजांनी ठेवलेला. इथे अमेरिकेत कुठल्या नर्सला सिस्टर म्हणाल तर ती चर्च शोधत असाल असं समजेल. आणि जी फरशी पुसते, बेडपॅन देते, चादरी बदलते, बाळंतिणीला धरून बाथरूमला नेते, मेलेल्या माणसाचं अंग पुसते, ती 'मावशी'. कागदावर तिला आया म्हणतात, किंवा वर्ग चार कर्मचारी. सिस्टर आणि मावशी एकाच वॉर्डात आठ आठ तास असतात, पण दोघींच्या मधे एक दार असतं. ते बहुतेक वेळा बंद असतं.

बॉस्टनच्या या हॉस्पिटलात एक मावशी होती. नाव मेरी एलायझा महोनी. जन्म १८४५, आई-वडील गुलामगिरीतून सुटून नॉर्थ कॅरोलिनातून इथे आलेले काळे लोक. अठराएक वर्षांची असल्यापासून ती या हॉस्पिटलात कामाला होती. स्वयंपाक, धुणं, फरशी घासणं आणि नर्सेसच्या हाताखालची पडेल ती कामं. अशी पंधरा वर्षं. शाळा सुरू झाली तेव्हा ती तिथे होती. लिंडाची तुकडी आली, शिकली, गेली. पुढच्या तुकड्या आल्या, गेल्या. ही कपडे धूत होती.

आणि १८७८ च्या मार्चमध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, तिला त्याच शाळेत विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळाला. वयाची मर्यादा तिनं ओलांडलेली होती. पण पंधरा वर्षं तिचं काम पाहिलेल्या डॉक्टर बायकांनी तिला घेतलं.

तोपर्यंत अभ्यासक्रम सोळा महिन्यांचा झाला होता. मेडिकल, सर्जिकल, बाळंतपणाचा वॉर्ड, असं सगळीकडे फिरायचं आणि शेवटचे महिने लोकांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करायची. दिवस पहाटे साडेपाच ते रात्री साडेनऊ. तिच्याबरोबर चाळीसेक मुली दाखल झाल्या होत्या. शेवटपर्यंत टिकल्या त्या जेमतेम तीन-चार. त्यात ही होती. १८७९ मध्ये डिप्लोमा घेऊन ती अमेरिकेतली पहिली काळी प्रशिक्षित नर्स झाली.

आपल्याला वाटेल, गोष्ट इथे सुफळ संपूर्ण. तसं नाही. हॉस्पिटलांत काळ्या नर्सला नोकऱ्या मिळत नसत, म्हणून पुढची तीसएक वर्षं ती लोकांच्या घरी खासगी नर्स म्हणून राहिली. तिथे घरची माणसं तिला मोलकरणीतच जमा करायला बघायची. म्हणून ती नोकरमाणसांच्या पंगतीत न बसता स्वयंपाकघरात एकटी जेवायची असं सांगतात. हे वाचलं तेव्हा मला आधी थोडं खटकलं. पंधरा वर्षं ती स्वतः त्याच पंगतीत होती ना? मग कळलं की दार उघडून आत आलेल्या माणसाला ते दार धरून उभं राहावं लागतं, नाहीतर ते मागे लोटायला लोक तयारच असतात.

१९०८ साली काळ्या नर्सेसनी आपली राष्ट्रीय संघटना काढली, तिच्यामागे महोनी बाई होत्या. १९०९ चं पहिलं अधिवेशन बॉस्टनलाच भरलं आणि स्वागताचं भाषण त्यांनी केलं. वय चौसष्ट. अमेरिकेत बायकांना मताचा अधिकार आला १९२० साली, तेव्हा या शहरात सुरुवातीलाच नाव नोंदवायला गेलेल्या बायकांत त्या होत्या. १९२६ मध्ये वारल्या. एव्हरेटच्या वुडलॉन दफनभूमीत त्यांची समाधी आहे. आपल्यातली बरीच मंडळी त्याच बाजूनं रोज ऑफिसला जातात.

मंडळी, या टेकडीवर एक मराठी पाऊलही पडलेलं आहे. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्यावर आपल्या आनंदीबाई जोशी अनुभवासाठी थोडा काळ याच हॉस्पिटलात आल्या होत्या. तेव्हा शाळा जोरात चालू होती. पण आनंदीबाईंची तब्येत साथ देईना. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक हातात होती, ती घेऊन त्या त्याच वर्षी परत गेल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस पूर्ण झाली नव्हती. ज्या वर्षी त्या बॉस्टनला होत्या, त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथून मुली नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलात पाठवल्या. परक्यांच्या शरीराला हात लावायचं काम चांगल्या घरच्या बायकांनी करायचं नाही, असं मानणारा तो समाज. त्या मुलींना आणि रमाबाईंना लोक काय काय बोलले असतील, याची कल्पना आपण करू शकतो.

आता जरा हिशेबाची बाजू. बॉस्टन, न्यूयॉर्क, न्यू हेवन अशा शाळा १८७३ मध्ये निघाल्या आणि १९०० पर्यंत अमेरिकेत चारशेच्या वर नर्सिंगच्या शाळा झाल्या. एवढी शिक्षणाची आवड एकदम कुठून आली? तर हॉस्पिटलवाल्यांच्या लक्षात आलं की शाळा काढली की वॉर्ड फुकटात चालतो. विद्यार्थिनी म्हणजे बारा-चौदा तासांचं मनुष्यबळ आणि द्यायचं काय, तर राहणं, जेवण आणि हातखर्च. विद्यार्थिनीला श्रीमंताच्या घरी पाठवलं की फी हॉस्पिटलला. शिकून झालं की मुलीला बाहेर काढायचं आणि नवी घ्यायची. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात हे मी बोलत नाही, आमचे काही क्लायंट इथे बसले आहेत!

१९२३ मध्ये गोल्डमार्क अहवाल म्हणून एक मोठा अहवाल आला. त्यानं हेच स्पष्ट लिहिलं की हॉस्पिटलची कामाची गरज आणि मुलीची शिक्षणाची गरज या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, आणि दर वेळी माघार शिक्षण घेतं. हळूहळू नर्सिंग कॉलेजात, विद्यापीठात गेलं आणि हॉस्पिटलांच्या शाळा एकेक करून बंद झाल्या. झालं ते बरंच झालं. पण एक गोष्ट मनात येते. महोनीला कॉलेजात प्रवेश मिळाला असता का? कॉलेजच्या खिडकीवरचा माणूस तुमचं प्रमाणपत्र बघतो. हॉस्पिटलच्या शाळेनं तिला भरपूर पिळलं हे खरं, पण त्या शाळेच्या बायकांनी तिचे हात पंधरा वर्षं पाहिले होते.

आता हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय?

या शहरात आलो त्या पहिल्या वर्षी मंडळाच्या गणपतीला एका काकांनी मला विचारलं, "आई काय करते तुझी?" मी म्हटलं, "हॉस्पिटलमध्ये असते." "अरे वा, डॉक्टर का?" मी नुसता हसलो. त्यांनी ते हो असं धरलं. मग ते चार लोकांत गेलं. गेली नऊ वर्षं मी ते दुरुस्त केलं नाही. काका आजही समोर बसले आहेत. काका, माझी आई डॉक्टर नाही. सिस्टरही नाही. माझी आई मावशी होती. आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात तिनं एकतीस वर्षं वर्ग चारची नोकरी केली. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्या पगारातून गेली.

तिला सिस्टर व्हायचं होतं. आठवी झालेली. वॉर्डातल्या एका सिस्टरनी तिला बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला. रात्रपाळीत, पेशंट झोपले की, ती अभ्यास करायची. मराठी, इतिहास सुटले. इंग्रजी आणि गणित राहिले. दुसऱ्यांदा बसण्यासाठी रजा मागायला गेली तेव्हा ऑफिसातला एकजण सगळ्यांसमोर हसून म्हणाला, "सगळ्या मावश्या सिस्टर झाल्या तर फरशी कोण पुसणार?" तिनं फॉर्म परत घरी आणला. तो बरीच वर्षं आमच्या ट्रंकेत होता. मग वयाची अट निघून गेली.

गेल्या वर्षी आमच्या मुलीच्या वेळी आई इथे आली होती. एका रविवारी मी तिला डिमॉकला घेऊन गेलो. चढण तिला जड गेली, थांबत थांबत गेलो. तिथे एका पायरीवर बसून मी तिला हे सगळं सांगितलं. नंबराच्या बाटल्यांचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "नाव न्हाय म्हंजे चुकलं तर दोष नर्सचाच की रं." दीडशे वर्षांचा इतिहास तिनं एका वाक्यात उरकला. महोनीचं सांगितलं तेव्हा मात्र बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "पंधरा वर्सं फरशी पुसली तिनं? मग फॉर्म कुनी भरला तिचा?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. पण कोणीतरी भरलाच असणार. कोणीतरी आत बोललं असणार की वय राहू दे बाजूला, ही करील. माझ्या आईला फॉर्म आणून देणारी सिस्टर होती. ऑफिसात तिच्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं. एवढाच फरक.

जाता जाता दोन विनंत्या करतो. पहिली मंडळाला. वसंतात सगळे मिळून एकदा डिमॉकला जाऊ या. मुलांना घेऊन. आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला आहेत, तिथे आपली मंडळी जातात. ही टेकडी तर आपल्याच शहरात आहे.

दुसरी तुम्हाला. आपल्या सगळ्यांचे आई-वडील तिकडे आहेत. कधीतरी रात्री तीनला फोन वाजतो आणि कळतं की बाबांना ॲडमिट केलंय. आपण डॉक्टरांचं नाव विचारतो, हॉस्पिटलचं विचारतो, पैसे पाठवतो. त्या वेळी एक प्रश्न आणखी विचारा. बाबांना उठवून बसवणारी, अंग पुसणारी मावशी कोण आहे, तिचं नाव काय? पुढच्या फोनला त्या नावानं तिची चौकशी करा. आणि तिची मुलगी शिकत असेल, किंवा तिला स्वतःलाच शिकायचं असेल, तर फॉर्म भरायला मदत करा. आपल्याला इथे बसून ते सहज जमण्यासारखं आहे.

माझी आई आता निवृत्त आहे. हे भाषण करणार म्हणून मी तिला फोनवर विचारलं, "सांगू का सगळ्यांना?" म्हणाली, "सांग की. चोरी केली का मी?"

वरण गार होत असेल. इथेच थांबतो.  सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!